परसांतील शिंजीर

सोलापूर म्हटलें कीं परगांवच्या माणसाच्या डोळ्यांपुढें चादरी, शेंगांची चटणी, सिद्धेश्वराचें तळें आणि रखरखीत ऊन इतकेंच उभें राहतें. पक्षी पाहावयाचे तर ते नान्नजच्या माळावर, अशी शहरांतल्यांचीही समजूत. पक्ष्यांचा कोश मराठींत रचणारे मारुती चितमपल्ली याच गांवचे; १९३२ सालीं ते येथें जन्मले आणि २०२५ सालीं येथेंच निवर्तले. परंतु ज्यांच्या घरामागें मोरीच्या पाण्यावर वाढलेलीं चार झाडें अद्याप शिल्लक आहेत, त्यांना माळ धुंडाळण्याचें कारण नाहीं.

आमच्या परसांत बारमाही येतो तो शिंजीर. मुलें त्याला फुलचुखी म्हणतात. पुस्तकांत तें नांव दुसऱ्याच एका पक्ष्याला दिलेलें असतें, पण मुलांशीं याबाबत वाद घालण्यांत हंशील नाहीं. चिमणीहून लहान, जेमतेम दहा सेंटिमीटरांचा जीव. चोंच बारीक व बांकदार. याच्या दोन जाती आम्ही पाहतों. एकीचा नर पोटाला पिवळा आणि पाठीला तांबूस, दुसरीचा जांभळा. हा जांभळा सावलींत निव्वळ काळा दिसतो, पण उन्हांत आला कीं धूपछांव लुगड्याप्रमाणें त्याच्या अंगावरून निळी-जांभळी झांक सरकत जाते.

माघ-फाल्गुनांत शेवगा फुलतो आणि याचें ओरडणें पहांटेपासून सुरू होतें. पुढें मादी घरटें बांधूं लागते. कोळ्याचें जाळें, सालींचे तुकडे, वाळलीं पानें, सुरवंटाची लीद असा सर्व केरकचरा एकत्र करून ती एक लोंबती पिशवी विणते. दाराला वर लहानसा छज्जाही काढते. पाहणाराला वाटावें कीं झाडाला कचरा अडकला आहे. बांधणें तिचें एकटीचें, दोन अंडीं सुमारें पंधरा दिवस उबविणें तिचें एकटीचें. नर हातभार लावतो तो पिलांना भरविण्यापुरता. घरांतील वडीलधाऱ्या बायकांनीं यावर दिलेला अभिप्राय येथें छापण्याजोगा नाहीं. एका वर्षीं तिनें वाळवणाच्या दोरीवरच घरटें टांगलें, तेव्हां सगळ्या घराचें धुणें महिनाभर गच्चीवर गेलें.

पावसाळ्यांत जास्वंद व कर्दळ यांवर त्याचें भागतें. आंब्यावरचें बांडगूळ फुललें तर मग विचारूंच नये. सलीम अली यांनीं फुलांवर येणारे पक्षी आणि पक्ष्यांवर अवलंबून असणारीं फुलें यांविषयीं १९३२ सालींच विस्तृत लेख लिहिला होता. मध पिणारा पक्षी परागांची ने-आण करून त्याची परतफेड करतो. आश्विनाच्या सुमारास जांभळा नर नाहींसा झाल्यासारखा वाटतो. तो कोठें जात नाहीं. त्याचीं भरजरी पिसें झडून पोट पिवळें होतें आणि हनुवटीपासून खालीं एक काळी रेघ तेवढी उरते. पौषापर्यंत पुन्हां जांभळे ठिपके उमटूं लागतात.

गेल्या उन्हाळ्यांत अमेरिकेहून आलेल्या आमच्या पुतणीनें तांबड्या झांकणाची एक बाटली पारिजातकाला टांगली. चार भाग पाणी, एक भाग साखर. "काकू, तिकडे हमिंग-बर्ड खिडकीशीं येऊन पितात, तुमचा शिंजीरही येईल," असें ती म्हणाली. हमिंग-बर्डाच्या तीनशेंहून अधिक जाती आहेत, पण त्या सर्व अमेरिका खंडांतल्या. आपल्याकडे एकही नाहीं. शिंजिराशीं त्याचें नातें नाहीं, धंदा एक म्हणून हत्यार सारखें झालें इतकेंच. तो हवेंत एका जागीं तरंगून पितो. आमचा गडी बहुधा फांदीवर बसूनच पितो. शिंजीर दोनदां बाटलीवर येऊन गेला, हें खरें. पण दुपारपर्यंत मुंग्यांची रांग लागली, आणि चाळीस अंशांवरच्या उन्हांत साखरेचें पाणी आंबावयाला कितीसा वेळ लागतो? बाटली रोज धुवावी लागे. शिवाय पिलें वाढतात तीं किड्यांवर आणि कोळ्यांवर, आणि ते झाडावरच मिळतात. आमचें मत विचाराल तर बाटलीपेक्षां जास्वंद बरी.

परसाविषयीं मात्र घरांत एकमत नाहीं. दुचाक्या पांच झाल्या आहेत; सर्वत्र फरशी घालून घ्यावी असें धाकट्यांचें म्हणणें, आणि पावसांत गाड्या भिजतात हें कोणाला नाकारतां येत नाहीं. गल्लींतल्या बऱ्याच घरांनीं तसें केलेंही. नळाला रोज पाणी येत नाहीं. उजनीचें पाणी कांहीं दिवसांआड मिळतें, मग झाडांना कोठून आणावें, हा त्यांचा दुसरा मुद्दा. त्यावर सासूबाईंनीं तांदूळ-डाळ धुतल्याचें पाणी आठ दिवस वेगळ्या बादलींत सांठवून दाखविलें. रोज दीड बादली भरली. त्यामुळें निम्मी फरशी आणि निम्मी माती इतपत तडजोड झाली आहे.

फरशीवाला दिवाळीनंतर यावयाचा आहे. जास्वंद आणि आंबा मातीच्या बाजूस आले. शेवगा नेमका रेघेवर उभा आहे, आणि ती रेघ हातभर कोणीकडे सरकवावी यावर रोज रात्रीं जेवतांना बोलणें चालू आहे.