महाविद्यालयाचे देवघर

मराठी माणसाचे घर कितीही लहान असो, त्यात देवांसाठी जागा काढलेली असतेच. अंबरनाथ-बदलापूरच्या जुन्या चाळींतून दोन खोल्यांत संसार करणारा गृहस्थ स्वयंपाकघरातील मांडणीवर, डाळींच्या डब्यांशेजारी, एक फळी मोकळी ठेवतो. शेजारच्या उल्हासनगरात सिंधी कुटुंबांतून झुलेलालच्या किंवा गुरु नानकांच्या तसबिरीपुढे तसाच दिवा लागतो. अशा घरातला मुलगा महाविद्यालयात जातो, तेव्हा तेथे त्याला ग्रंथालय मिळते, प्रयोगशाळा मिळते, जिमखाना आणि उपाहारगृह मिळते. परंतु घरातील त्या फळीच्या जागी जे काही असते, त्यासाठी त्या विस्तीर्ण इमारतीत एक कोनाडाही नसतो. तीस वर्षे अध्यापन केल्यावर ही उणीव मला पूर्वीपेक्षा अधिक जाणवू लागली आहे. मी स्वतः फारसा भाविक मनुष्य नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. नाहीतर पुढील मजकुराला वाचक कीर्तन समजावयाचे.

ही उणीव मला दिसते याचे कारण असे की, एका महाविद्यालयात ती जागा भरलेली मी पाहिली आहे. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात झाले. १८६९ साली जर्मन जेझुइटांनी ते स्थापिले, आणि पहिल्या महायुद्धानंतर त्याची धुरा हळूहळू स्पॅनिश जेझुइटांकडे गेली. वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅटर आणि सांतापाव, इतिहाससंशोधक हेरास, ही त्याच परंपरेतील माणसे. अंबरनाथाहून बोरीबंदर साठ किलोमीटर. सकाळची गाडी पकडून, सव्वा तास उभ्याने काढून, मी तेथे जात असे.

माझे नाव तेथे घातले तेव्हा आमच्या आजीने दोन दिवस धड जेवण घेतले नाही. "पाद्र्यांचं कॉलेज ते, पोरगा बाटेल," एवढेच ती म्हणे. तिला कोणी हसू नये. तिच्या भयाला आपल्या प्रांतात चांगला शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास होता. १८३९ साली डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मुंबईत केवढे काहूर माजले आणि त्या शाळेतील मुले कशी भराभर काढून घेण्यात आली, हे प्रसिद्धच आहे. पुढे १८४३ साली श्रीपत शेषाद्रि या ब्राह्मण मुलाचे प्रकरण न्यायालयात गेले, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन स्वधर्मात परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करला. आजीने यांतील एकही नाव ऐकलेले नव्हते. परंतु नावे विसरली तरी भये पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. वडील कारखान्यात कामाला होते. त्यांनी आजीला एवढेच सांगितले, "आई, त्याला शिकू दे. बाटायचाच असेल तर तो गाडीतही बाटेल."

मी बाटलो नाही. कोणी तसा प्रयत्नही केला नाही. मला तेथे भेटला तो एक धर्मगुरू. एका लांब ओवरीच्या टोकाशी त्याची खोली होती, आणि तिचे दार दुपारनंतर अर्धे उघडे असे. तो आमचा कोणताही विषय शिकवीत नसे. त्याच्या हाती आमचे गुण नव्हते, हजेरी नव्हती, शिष्यवृत्तीची शिफारसही नव्हती. विद्यार्थ्यांच्या आत्मिक आयुष्याकडे लक्ष देणे, एवढ्याच कामावर त्या संस्थेने एक सबंध मनुष्य नेमला होता! इंग्रजीत अशा मनुष्याला चॅप्लेन म्हणतात. आम्ही त्याला फादर म्हणत असू. तो वसईकडचा होता आणि आमच्याशी मराठीत बोले. दारात कोणी घुटमळताना दिसला की म्हणे, "ये रे, बस. जेवलास का?" पुढे बोलावयाचे की नाही, हे त्याने येणाऱ्यावरच सोपवलेले असे.

मी दुसऱ्या वर्षाला असताना वडिलांचा कारखाना काही महिने बंद पडला. शिक्षण सोडून नोकरी धरावी असे मी मनाशी ठरविले, आणि ते कोणाला तरी सांगावे म्हणून त्या खोलीत गेलो. फादरने सर्व ऐकून घेतले. पैसे देऊ केले नाहीत, उपदेश केला नाही, बायबलातील एखादे वचनही काढले नाही. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "उद्या पुन्हा ये." दुसऱ्या दिवशी मी गेलो, तिसऱ्या दिवशीही गेलो. प्रश्न त्या खोलीत सुटला नाही. तो पुढे कारखाना सुरू झाला तेव्हा सुटला. परंतु रोज तो प्रश्न घेऊन जावयाची एक जागा मला मिळाली होती, म्हणून तितके दिवस मी तो उचलू शकलो.

एकदा मी धीर करून विचारले, "फादर, तुम्ही प्रार्थनेत काय करता?" त्याने सांगितले ते फार साधे होते. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने आपल्या अनुयायांना एक सवय लावून दिली आहे: दुपारी एकदा आणि रात्री निजण्यापूर्वी एकदा, गेलेल्या वेळाकडे वळून पहावयाचे. कोठे कृतज्ञ व्हावेसे वाटले, कोठे मन कोरडे पडले, कोणाशी आपण कठोर वागलो, हे एकेक करून आठवावयाचे. इग्नेशियसच्या ज्या 'आध्यात्मिक साधने'च्या पुस्तकात हे सांगितले आहे, त्याला पोपची मान्यता मिळाली १५४८ साली. पुस्तक परके, परंतु त्यातील ही गोष्ट मला परकी वाटली नाही. दिवेलागणीला शुभंकरोती म्हटल्यावर "आज काय काय केलंस ते देवाला सांग" असे आजी मला म्हणत असे. तिच्या त्या भयाची आणि या पाद्र्याच्या साधनेची अशी गाठ पडावी, याची मला त्या वेळी मोठी मौज वाटली होती.

कॅथॉलिक संस्थांची ही दृष्टी सदासर्वकाळ अशीच होती असे मात्र नाही. अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातील काहीही चर्च नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले ते १९६५ साली. कॅथॉलिक विद्यापीठांविषयी दुसरे जॉन पॉल यांनी १९९० साली जे आज्ञापत्र काढले, त्यात विद्यार्थ्यांची आध्यात्मिक सेवा हे विद्यापीठाचे अंगभूत कार्य मानले आहे, आणि त्याच बरोबर अन्यधर्मीयांच्या विवेकस्वातंत्र्याचा आदर करावा असेही बजावले आहे. आमचा फादर या बदललेल्या हवेत वाढलेला होता. ही हवा पुण्यातही वाहत होती. जर्मनीतून आलेल्या मॅथ्यू लेदर्ले या जेझुइटाने शनिवार पेठेच्या वस्तीत 'स्नेहसदन' चालविले आणि महाराष्ट्रातील तत्त्वचिंतनावर ग्रंथ लिहिला. रायतूरच्या छापखान्यातून १६१६ साली 'क्रिस्तपुराण' ओव्यांत छापून घेणाऱ्या फादर स्टीफन्सपासून या संघाचा मराठीशी संबंध आहे. त्या संबंधातील बोलण्याचा भाग आपण वाचला, ऐकून घेण्याचा भाग मात्र फारसा पाहिला नाही.

यावर कोणी म्हणेल, हे सारे धर्मसंस्थांच्या महाविद्यालयांना शोभते; आमची महाविद्यालये सर्व धर्मांची, तेथे हे कसे चालावे? या आक्षेपाचे उत्तर खुद्द कॅथॉलिकांच्याच इतिहासात आहे. कार्डिनल न्यूमनने डब्लिनला कॅथॉलिक विद्यापीठ उभारले आणि १८५६ साली त्यासाठी एक चर्चही बांधविले. परंतु त्याचे नाव विद्यार्थिजगतात अधिक पसरले ते दुसऱ्याच मार्गाने. १८९३ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, म्हणजे कॅथॉलिकांच्या मालकीच्या नसलेल्या विद्यापीठात, काही विद्यार्थ्यांनी त्याच्या नावाने एक मंडळ काढले, आणि पुढे गावोगावच्या विद्यापीठांतून तशी मंडळे निघाली. विद्यापीठ आपले नसले तरी विद्यार्थी आपला आहे, एवढी जाणीव त्यांना पुरली.

आपल्याकडेही हा विचार कोणाला सुचला नव्हता असे नाही. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ च्या आपल्या अहवालात अशी शिफारस केली की, सर्व शिक्षणसंस्थांचे दैनंदिन काम काही मिनिटांच्या मौन चिंतनाने सुरू व्हावे. घटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाने सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत धर्मशिक्षणाला बंदी घातली, आणि अन्य मान्यताप्राप्त संस्थांत कोणावरही त्याची सक्ती करू नये असे ठरविले. हे कलम मला अत्यंत योग्य वाटते. मी ज्या वर्गावर शिकवतो त्यात मराठी, सिंधी, उत्तर भारतीय, बौद्ध, मुसलमान अशी मुले शेजारी शेजारी बसतात, ती या कलमाच्या छायेतच. परंतु घटनेने धर्मशिक्षण मना केले आहे. मौन मना केलेले नाही, आणि एखाद्याने दार उघडे ठेवून बसणेही मना केलेले नाही. आपण मात्र सावधगिरी म्हणून सगळेच एकदम बंद करून टाकले.

याचा परिणाम काय होतो, ते मी दोन वर्षांपूर्वी पाहिले. आमच्या उल्हासनगरच्या महाविद्यालयातील द्वितीय वर्षाचा एक मुलगा तास संपल्यावर रोज माझ्यापाशी येऊन आपली हजेरी किती भरली ते विचारी. हजेरी पुरेशी होती, आणि ते त्यालाही ठाऊक होते. चौथ्या दिवशी त्याने विचारले, "सर, तुमची गाडी कितीची?" तो बदलापूरचा, मीही बदलापूरचा. शिक्षकांच्या दालनात वीस-पंचवीस माणसे. तेथे काही बोलणे शक्य नव्हते. आम्ही स्थानकावर गेलो आणि बाकावर बसलो. त्याचा थोरला भाऊ तीन महिन्यांपूर्वी कामावरून परतताना गाडीतून पडून गेला होता. "घरी विषय काढला की आई रडते," तो म्हणाला, "मित्रांपाशी काढला की ते गप्प बसतात. म्हणून कुठंच काढत नाही." एक गाडी गेली, दुसरीही गेली. मग खाली पाहत त्याने विचारले, "सर, दादा आता कुठं असेल?"

समुपदेशनाची सोय हल्ली अनेक महाविद्यालयांतून होऊ लागली आहे, आणि ती आवश्यकच आहे; ज्याला औषधोपचार हवा त्याला तेथेच पाठविले पाहिजे. परंतु हा मुलगा आजारी नव्हता. त्याला भूक लागत होती, झोप येत होती, अभ्यासही होत होता. त्याचा प्रश्न माणसाइतका जुना होता. आमच्या अभ्यासक्रमात त्याला जागा नव्हती, आणि समुपदेशनाच्या अर्जावरही त्यासाठी रकाना नव्हता. मी म्हणालो, "ते मला ठाऊक नाही. पण तुझा दादा कसा होता, ते मला सांग." तो पाऊण तास सांगत होता. पुढे कित्येक आठवडे तो बाक आम्हा दोघांचा झाला. त्या बाकावर मला राहून राहून त्या ओवरीतील खोलीची आठवण येई, आणि तिच्यात व या बाकात असलेले अंतरही कळे. फादरला कोठलीही गाडी पकडावयाची नव्हती. त्याने संसार केला नव्हता, स्वतःची मिळकत ठेवली नव्हती. त्याचा सबंध दिवस दुसऱ्याला देण्यासाठी मोकळा होता, आणि त्या मोकळेपणाच्या मुळाशी त्याची श्रद्धा होती. येथेच माझे अडते. श्रद्धेच्या मुळाशिवाय असा मनुष्य पगारावर उगवेल काय? आणि श्रद्धा असलेला मनुष्य ठेवला, तर तो आपली श्रद्धा दाराबाहेर ठेवून बसेल काय? दुसरी अडचण याहून व्यावहारिक आहे. झेवियरचे प्रार्थनामंदिर कोणाचे, याविषयी वाद नाही. म्हणूनच परीक्षेच्या दिवसांत हिंदू आणि पारशी मुलेही त्यात निश्चिंतपणे जाऊन बसत. आमच्या येथे मौनाची खोली उघडली, तर पहिल्या आठवड्यात कोणी तेथे एक तसबीर आणील, दुसऱ्या आठवड्यात दुसरा दुसरी आणील, आणि तिसऱ्या आठवड्यात त्या खोलीला कुलूप लागेल.

तरीही मला वाटते की प्रयत्न करून पाहावा. अंबरनाथच्या शिवमंदिराची बाहेरची बाजू शिल्पांनी इतकी गजबजलेली आहे की डोळा ठरत नाही. परंतु १०६० सालच्या त्या मंदिरात गाभारा मंडपाहून खाली आहे. पायऱ्या उतरून जावे लागते, आणि उतरताना आवाज आपोआप लहान होतो. तेथे 'शांतता राखा' अशी पाटी कोणी लावली नसती तरी चालले असते. बांधणाऱ्याने जागाच तशी केली आहे. जागा नीट केली, तर माणसे तिच्यात नीट वागतात, एवढा विश्वास आपणही ठेवावयास हरकत नाही. एक लहान खोली, दोन बाक, भिंतीवर काही नाही. आणि आठवड्यातून ठरलेले काही तास तेथे बसणारा एखादा प्रौढ मनुष्य, निवृत्त शिक्षक म्हणा, परिचारिका म्हणा, ज्याच्या हाती गुण नाहीत आणि ज्याने उपदेश न करण्याचे मान्य केले आहे. यासाठी लागणारा पैसा आमच्या वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मंडपापेक्षा कमीच असेल.

आमच्या महाविद्यालयात जिन्याखाली तशी एक खोली आहे. सध्या तिच्यात मोडकी बाके आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. ती रिकामी करून मिळावी म्हणून मी प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला आहे. अर्जाचा नमुना छापील असून त्यात जागेचे प्रयोजन एका ओळीत लिहावयाचे असते. बाकी सर्व रकाने भरून झाले आहेत. तेवढी एक ओळ अजून जमत नाही.