आईला विचारून

सातारा, १८ जानेवारी

प्रिय दादा,

संक्रांतीच्या आदल्या दिवशी आईने कॅमेऱ्यावर हिरवा खण टाकला. कॅमेरा बिघडलेला नाही. दिवाळीत तू माणूस पाठवून तो बसवून घेतलास, तेव्हा ती देवळात गेली होती. परत आली तर भिंतीवर लाल दिवा लुकलुकत होता. "बसवायचा तर बसवा, पण आधी सांगावं तरी," एवढंच ती तेव्हा म्हणाली होती.

दिवाळीपासून किराणा ॲपवरून येतो, विजेचं बिल न्यू जर्सीहून भरलं जातं, गोळ्या महिन्याच्या महिन्याला घरपोच येतात, स्वयंपाकाला मावशी आहेत. पूर्वी आई एक दिवसाआड पिशवी घेऊन राजवाड्यावर भाजीला जायची. मेथीची जुडी उलटीपालटी करून बघायची, गवारीचं देठ मोडून ती कोवळी आहे का पाहायची, पाच रुपये कमी करून घ्यायची आणि येताना तीन घरी टेकायची. आता तिच्या चपला आठ-आठ दिवस दारातून हलत नाहीत. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. जेवण अर्ध्या पोळीवर आलं होतं.

म्हणून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जेरिअ‍ॅट्रिक डिप्रेशन स्केलचे पंधरा प्रश्न विचारले. उत्तरं नुसती हो किंवा नाही. बाहेर पडण्यापेक्षा घरीच बसावंसं वाटतं का, या प्रश्नाला आई लगेच हो म्हणाली. बेरीज सात झाली. पाचाच्या वर गेली की नीट तपासणी करावी लागते, म्हणून पुढच्या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं आहे. परतताना रिक्षात ती म्हणाली, "तो सगळं करतो गं. पण मला विचारतं कोण?"

दादा, ती एकटीच अशी नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांत, म्हणजे साधारण बारांत एकाला, तीव्र नैराश्य असावं असं तीत दिसलं. आपल्याकडे याला 'वयच झालं' म्हणून सोडून देतात. हे चूक आहे. नैराश्याला उपचार आहेत.

तुझे पैसे वाया जातायत असं मात्र मुळीच समजू नकोस. चीनच्या आन्हुई प्रांतातल्या खेड्यांमधला २००६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की शहरात गेलेल्या मुलांकडून जास्त पैसे येणाऱ्या म्हाताऱ्यांची मनःस्थिती अधिक चांगली होती. पण त्याच अभ्यासकांपैकी मेरिल सिल्व्हरस्टीन यांनी दहा वर्षं आधी, १९९६ मध्ये, अमेरिकेतल्या आई-वडिलांबद्दल वेगळी गोष्ट मांडली होती. मुलांची मदत एका मर्यादेपर्यंत मनाला उभारी देते. त्यापुढे गेली की तीच मन खचवू लागते. आपल्या घरात ती मर्यादा कुठे ओलांडली, ते त्या चपलांकडे बघून कळतं.

गेल्या बुधवारी वहिनीने गोड्या मसाल्यात दगडफूल किती घालायचं ते विचारायला फोन केला. आई चाळीस मिनिटं बोलली. फोन ठेवल्यावर अर्ध्या तासाने तिनेच उलटा फोन लावला, कारण तीळ आणि खोबरं वेगवेगळं भाजायचं हे सांगायचं राहिलं होतं. त्या रात्री तिने दोन पोळ्या खाल्ल्या. एका फोनने आजार जात नाही, हे ठाऊक आहे. पण दोन महिन्यांत दुसरी पोळी त्याच दिवशी मागितली.

तेव्हा एवढं कर. औषधं, दवाखाना आणि बिलं तुझ्याकडेच राहू देत. भाजीची ऑर्डर बंद कर. मागच्या पडवीचं छप्पर गळतंय. कौलं घालायची की पत्रा, हे तिला ठरवू दे आणि ती म्हणेल त्याप्रमाणे पैसे पाठव. रात्री-अपरात्री तिला फारच उदास वाटलं तर टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फोनशेजारी मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे. तिथे मराठीत बोलता येतं. कॅमेऱ्याचं काय करायचं ते मात्र तूच तिला विचार.

रविवारी फोन करशील तो आपल्या सकाळी नऊच्या आत कर. नऊनंतर ती भाजीला जाणार आहे.

तुझी,
बहीण