मोटारीचा मेंदू

मोटारीला चाके असतात, इंजिन असते, भोंगा असतो आणि हप्ते असतात, एवढे ज्ञान मला पूर्वीपासून होते. तिला मेंदूही असतो ही बातमी मात्र फार उशिरा कानी आली. आणि तो मेंदू काढून त्या जागी दुसरा बसवता येतो, हे तर माझ्याच हाताखालून गेलेल्या एका विद्यार्थ्याने मला शिकवले. शाळेत असताना या गृहस्थाचे आणि गणिताचे उभ्या जन्माचे वैर होते. आज माणगावात, मुंबई-गोवा हमरस्त्यापासून जरा आत, त्याचे मोटारदुरुस्तीचे गॅरेज आहे. संध्याकाळी फिरायला निघालो की माझी पावले तिकडे वळतात. तो स्टूल पुढे सरकवतो, "बसा गुरुजी" म्हणतो, आणि मग आमच्या भूमिका बदलतात. तो शिकवतो, मी ऐकतो.

पूर्वीच्या मोटारींना मेंदू नव्हता. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी आठवून पाहा. तिच्यातली शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. तिच्या इंजिनाला पेट्रोल पाजण्याचे काम कार्ब्युरेटर करी. १९८३ साली आलेल्या पहिल्या मारुती ८०० मध्येही तोच होता. आत जाणाऱ्या हवेच्या ओढीने बारीक भोकातून पेट्रोल खेचायचे, एवढीच त्याची विद्या. बिघाड झाला की मेस्त्री बॉनेट उघडून कान लावी, एक स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे फिरवी, आणि इंजिन शहाण्यासारखे वागू लागे. मेंदू होता, पण तो मेस्त्रीच्या कानात होता.

मग हे काम विजेच्या डब्याकडे गेले. जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९६७ साली फोक्सवॅगन १६०० या गाडीत पेट्रोलच्या फवाऱ्याचा हिशेब अशा डब्याकडे सोपवला. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या एका गाडीत फवारा आणि ठिणगी ही दोन्ही कामे एकाच डब्याने करायला सुरुवात केली. आपल्याकडे २००० सालापासून धुराचे नियम कडक होत गेले तसा कार्ब्युरेटर नव्या मोटारींतून मागे पडत गेला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम देशभर लागू झाले, आणि आता डब्यावाचून नवी मोटार निघणेच नाही.

या डब्याला एवढे काय काम असते? ऐन दिवाळीत हे वाचणाऱ्या गृहिणींना ते चटकन समजेल. चकलीच्या भाजणीत मोहन जास्त पडले की चकली तेलात विरघळते, कमी पडले की दगड होते. पेट्रोलच्या इंजिनाचेही तसेच आहे. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे त्याचे मोहन. पेट्रोल जास्त झाले की धूर काळा येतो आणि पैसा जळतो. भार असताना कमी पडले की इंजिन आतून तापून ठोके देऊ लागते. पण घरची भाजणी एकदा जमली की वर्षभर तेच माप चालते. इंजिनाचे माप क्षणाक्षणाला बदलते. गार सकाळी निराळे, चढणीला निराळे, उताराला निराळे. मिनिटाला तीन हजार फेरे होत असतील, तर प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला पंचवीस वेळा पेट्रोल मोजून द्यावे लागते. डबा इंजिनाचे फेरे, आत येणारी हवा, पाण्याची उष्णता आणि धुरात उरलेला प्राणवायू यांची विचारपूस करतो, पोटातल्या तक्त्यात पाहतो आणि पेट्रोलचे तोंड किती वेळ उघडायचे ते ठरवतो. हे तक्ते म्हणजे त्याचे पाढे. ते कंपनीने लिहून, वर कुलूप घालून दिलेले असतात.

आमच्या आळीत एस.टी.तून निवृत्त झालेले एक चालक राहतात. सारी आळी त्यांना काका म्हणते. त्यांची जुनी मोटार २०२१ च्या जुलैत महाडला लेकीच्या दारी उभी होती. २२ जुलैला सावित्रीचे पाणी महाडात शिरले. माणसे माडीवर चढली म्हणून वाचली. मोटार दाराशीच बुडाली. पाणी ओसरल्यावर ती ओढून माणगावी आणली. इंजिन उघडले, धुतले, तेल बदलले, ते जगले. पण पायापाशी बसवलेल्या डब्याच्या आत चिखल शिरला होता आणि तारांच्या टोकांवर हिरवा गंज चढला होता. मेंदू गेला होता.

चौकशी केली तेव्हा कळले की, त्या जुन्या गाडीचा नवा डबा आता मिळत नाही. जुन्या बाजारातून एक आणला, तर तो काकांच्या किल्लीला ओळख देईना. किल्लीत एक चिप असते आणि डबा फक्त आपल्या किल्लीला ओळखतो. चोरापासून रक्षणासाठी केलेली ही सोय इथे मालकालाच दाराबाहेर उभे करीत होती. मोटार भंगारात काढायची, एवढेच उरले. आणि काकांना मोटार हवी होती ती मिरवायला नव्हे. काकूंच्या डोळ्यांवर पुण्यात उपचार चालू होते, आणि दर महिन्याला निजामपूर, विळे आणि पुढे ताम्हिणीचा घाट चढून त्यांना न्यावे लागे.

तेव्हा माझा विद्यार्थी म्हणाला, "काका, कंपनीचा डबा नकोच. आपण बाहेरचा बसवू."

असे डबे मिळतात. २००१ च्या सुमारास अमेरिकेतल्या ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी 'मेगास्क्वर्ट' नावाचा डबा तयार केला. सुटे भाग मागवायचे आणि हौशी माणसाने घरी सोल्डर करून ते जोडायचे. त्याच्यासारखे आणखी अनेक आता निघाले आहेत. त्यांना कुलूप नसते. तक्ते आपण लिहायचे.

डबा आला तेव्हा मी मुद्दाम पाहायला गेलो. दोन तळहातांएवढी साधी पेटी होती. विद्यार्थी हसून म्हणाला, "गुरुजी, याला काहीच येत नाही. पहिलीत बसवलेले पोर आहे." आणि खरोखरच त्याला श्रीगणेशापासून शिकवावे लागले. इंजिनाच्या चक्राला दात किती, त्यातला कोणता गाळलेला आहे. कोणता सिलिंडर आधी, कोणता नंतर. पाणी किती तापले की तारेतून कोणता आकडा येतो. मग तो मोठा तक्ता: एका बाजूला फेरे, दुसऱ्या बाजूला भार. १६ ओळी आणि १६ रकाने, म्हणजे २५६ कप्पे.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एका रात्री इंजिन पहिल्यांदा बोलले. आधी खोकले, मग दचकले, मग धापा टाकीत का होईना पण चालू राहिले. पुढचे दोन महिने तो एका बंद पडलेल्या भाताच्या गिरणीच्या आवारात मोटार फिरवी. शेजारी लॅपटॉप, धुराड्यात प्राणवायूचा मापक, मांडीवर वही. ती वही मी चाळली आहे. पानेच्या पाने आकडे, खाडाखोड, समासात शेरे. ज्या मुलाच्या वहीत मी कधी एक गणित पुरते सोडवलेले पाहिले नव्हते, त्याने ही वही लिहिली होती. मी काही बोललो नाही. पण घरी येताना बराच वेळ तिचाच विचार करीत होतो.

जानेवारी उजाडला. काका अधीर झाले. काकू एस.टी.ने जात-येत होत्या आणि धक्क्यांनी हैराण होत होत्या. "चालते ना इंजिन? मग दे की गाडी," काका म्हणाले. "ताम्हिणी मला तोंडपाठ आहे."

"तुम्हाला पाठ आहे, काका. डब्याला नाही."

त्याने तक्ता उघडून दाखवला. २५६ पैकी साठ-पासष्ट कप्पे त्याने मोजून भरले होते. बाकीचे अंदाजाने. गिरणीच्या आवारात घाट कुठून आणायचा? माणगाव जवळजवळ समुद्राच्या पातळीवर. पुणे सुमारे ५६० मीटर उंच. शंभर मीटर चढले की हवा साधारण एका टक्क्याने विरळ होते. शिवाय भरलेली गाडी, सलग चढ, तापलेले इंजिन. त्या कोपऱ्यातले कप्पे चुकले तर पिस्टन वितळू शकतो, आणि तोही दरीच्या कडेला, शेजारी आजारी बाई बसलेली असताना.

आणखी एक गोष्ट होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधने घातली आहेत. २०१९ च्या दुरुस्तीपासून नियमाबाहेरच्या प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. काकांनी नोकरीभर एकही ठपका घेतला नव्हता. ते ऐकून गप्प झाले. मग एवढेच म्हणाले, "आणि धूर? तो बरोबर निघेल?"

"इथे निघतो. घाटात कसा निघेल, ते मला सांगता येत नाही."

मला त्या उत्तराचे फार मोल वाटले. या धंद्यात नुसती ताकद वाढवण्यासाठी तक्ते बदलून देणारेही आहेत. गाडी उडू लागते, मालक खूश होतो. मागचा काळा धूर सायकलवरून शाळेला निघालेल्या पोरांच्या नाकात जातो. ज्याला कुलूप नाही, त्याला पहारेकरीही नाही. कंपनीच्या डब्यावर मी मनातून रागावलो होतो. पण त्याच्या कुलपाआड स्वार्थाबरोबर कष्टही आहेत. थंडीत, उन्हात, डोंगरावर गाड्या नेऊन कोणा अनोळखी माणसांनी तो कप्पान् कप्पा भरलेला असतो. नवी गाडी विकायला येण्याआधी तिचा धूर पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या संस्थेत तपासला जातो. ही संस्था १९६६ पासून आहे. गिरणीच्या आवारातला एकटा मुलगा एवढे सारे कुठून आणणार? आणि ते आपल्याजवळ नाही, हे ज्याला आकड्यांनिशी कळले, त्याला अडाणी कोण म्हणेल?

त्याने पुन्हा शोध सुरू केला. त्याच जातीची, भंगारात निघालेली एक मोटार अखेर सापडली. तिचा डबा, तिची किल्ली आणि दोघांची गाठ घालून देणारा भाग असा पुरा संच त्याने उचलून आणला. फेब्रुवारीत काकांची मोटार कंपनीच्याच मेंदूने सुरू झाली आणि काकू ताम्हिणीमार्गे पुण्याला जाऊन आल्या.

बिल देताना काकांनी विचारले, "शेवटी जुनेच बसवायचे होते, तर एवढे महिने कशाला घालवलेस रे?" तो हसला. हिशेबात त्या महिन्यांची मजुरी त्याने धरलीच नव्हती.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर मला पुढच्या पावसाळ्यात मिळाले. एका प्रवासी व्हॅनचा मालक रडकुंडीला येऊन गॅरेजात शिरला. गाडी मिसिंग करीत होती, पेट्रोल पाण्यासारखे पीत होती, आणि दुसरीकडे कुठेतरी त्याला सांगितले होते की मेंदू गेला, नवा घाला. तो खर्च म्हणजे त्याची सबंध हंगामाची कमाई. माझ्या विद्यार्थ्याने स्कॅनर लावला, थोडा वेळ आकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "इंजिन एवढे तापले आहे, आणि डब्याला वाटते आहे की ते बर्फासारखे गार आहे. म्हणून तो बिचारा पेट्रोल ओततो आहे. डबा शहाणा आहे. त्याला खोटी बातमी मिळते आहे." उष्णता मोजणाऱ्या भागाच्या तारेचे टोक गंजले होते. ते साफ करून, नवी पिन लावून त्याने गाडी अर्ध्या तासात परत दिली.

तो कोरा डबा आता गॅरेजातच आहे. लोखंडी चौकटीवर बसवलेल्या एका जुन्या इंजिनाला तो जोडला आहे. काम शिकायला येणाऱ्या पोरांना तो त्यावर पेट्रोल वाढवायला सांगतो, कमी करायला सांगतो आणि प्रत्येक वेळी आवाज ऐकायला लावतो. परवा गेलो तेव्हा एक पोरगा वहीत आकडे लिहीत होता आणि माझा विद्यार्थी त्याच्यावर ओरडत होता, "अंदाजाने भरू नकोस! येत नसेल तर कप्पा कोरा ठेव."

मी स्टूल ओढून घेतले आणि ऐकत बसलो.