वहीतले चित्र

दिवाळीपूर्वी घराचा कानाकोपरा झाडून काढावा, ही आपल्याकडची जुनी रीत. २००८ सालच्या दिवाळीत आमच्या घरातील सारे झाडून झाले. राहिला तो एकटा संगणक. वर्षभर साचलेल्या धुळीमुळे त्याचा पंखा जात्यासारखा घरघरत असे. भाऊबीजेच्या संध्याकाळी सात वाजता लंडनहून ताई संगणकाच्या पडद्यावर आमच्याशी बोलणार होती. तीन वर्षांत आईने लेकीचे तोंड पाहिले नव्हते. या घरघरीत तिला ताईचा आवाज ऐकू येणार नाही, म्हणून त्याच दिवशी सकाळी मी संगणक उघडायला घेतला.

माझा मुलगा तेव्हा सहावीत होता. तो वही-पेन्सिल घेऊन शेजारी येऊन बसला.

"बाबा, आधी चित्र काढून घेऊ का? कोणता भाग कुठे होता, ते लक्षात राहील."

"अरे, चार तर भाग आहेत! त्यांच्यासाठी चित्र कशाला हवे?" मी हसून म्हणालो आणि स्क्रू फिरवण्याचे पेचकस शोधायला आत गेलो.

विजेची तार काढून मी पेटी उघडली. आपल्या अंगावर नकळत साठलेली वीज नाजूक भागांना मारक ठरते, म्हणून आधी पेटीच्या पत्र्याला हात लावला. मग एकेक भाग काढून मुलाच्या हाती देऊ लागलो. "कार्ड कडेला धर, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नकोस," असे मी बजावले. त्याने ते प्रसादासारखे दोन्ही हातांत धरले. मऊ कुंचल्याने धूळ झाडली, सारे भाग पुन्हा बसवले आणि दुपारी संगणक सुरू केला. पंखा अगदी शांत फिरू लागला. मात्र बाहेरच्या जगाशी आमचा संबंध तुटला होता.

संगणकाला इतर संगणकांशी जोडणारा जो भाग असतो, त्याला नेटवर्क कार्ड म्हणतात. आपले शब्द आणि चित्रे यांचे लहान लहान तुकडे करून ते तारेवाटे पाठवणे, हे त्याचे काम. ही पद्धत १९७३ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात आकाराला आली. तिचे नाव इथरनेट. तिच्या हल्लीच्या केबलमध्ये आठ बारीक तारा असतात आणि त्या दोन दोन करून एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. त्या पिळामुळे बाहेरच्या विजेचा उपद्रव कमी होतो.

मी केबलची दोन्ही टोके काढून पुन्हा बसवली. कार्डामागचा इवलासा हिरवा दिवा पेटलेला होता. पडद्यावरील यादीतही कार्डाचे नाव बिनतक्रार दिसत होते. तरीही एक अक्षर बाहेर जाईना. चार वाजले, पाच वाजले. आईने ठेवणीतले लुगडे नेसून केव्हाच खुर्ची पकडली होती. ती दर थोड्या वेळाने विचारी, "झाले का रे?" तिच्या प्रत्येक प्रश्नागणिक माझा पारा चढत होता. अखेर तो मुलावर उतरला.

"तूच त्या पट्ट्यांना हात लावला असशील! जळाले ते कार्ड!"

"नाही बाबा, मी कडेलाच धरले होते."

"मग काय ते आपोआप बिघडले?"

त्याचे डोळे भरून आले. तो काही न बोलता आत निघून गेला. थोड्या वेळाने परत आला आणि त्याने माझ्यापुढे वही उघडून ठेवली. मी पेचकस शोधत असताना त्याने चित्र काढलेच होते! त्यात तीन खाचा होत्या. वरच्या खाचेत आवाजाचे कार्ड, मधली खाच रिकामी आणि खालच्या खाचेत नेटवर्क कार्ड.

"बाबा, तुम्ही हे कार्ड मधल्या खाचेत बसवले आहे."

"सगळ्या खाचा सारख्याच असतात रे," असे म्हणता म्हणताच मी थबकलो. त्या काळी आमच्या घरच्या जोडणीला आकड्यांचा एक ठरावीक पत्ता दिलेला होता आणि तो मी पूर्वी स्वतःच्या हाताने संगणकात भरला होता. कार्डाची खाच बदलताच संगणकाला ते नवे कार्ड वाटले. जुना पत्ता जुन्या खाचेतील कार्डाच्या नावावरच राहिला आणि हे बिचारे नवखे ठरून बिनपत्त्याचे झाले!

मी विजेची तार काढली, कार्ड खालच्या खाचेत घट्ट बसवले आणि संगणक सुरू केला. सात वाजता पडद्यावर ताईचा चेहरा उमटला. तिने तिकडूनच निरांजनाचे तबक ओवाळले. आईने थरथरता हात पडद्यावरून फिरवला. कितीतरी वेळ कोणीच बोलले नाही.

मग मी मुलाला जवळ घेतले आणि सर्वांदेखत म्हणालो, "चूक माझी होती. मी तुला उगाच बोललो." सारी हकीकत ऐकून ताई म्हणाली, "तर मग यंदाची माझी ओवाळणी त्याला दे!" त्याने काय मागावे? चित्रकलेची एक नवी वही.

तो संगणक आता राहिलेला नाही. आजकाल घरोघरच्या यंत्रांना असा पत्ता बहुधा आपोआप मिळतो. परंतु वहीचे ते पान मी जपून ठेवले आहे. कार्ड जळालेले नाही, हे तो हिरवा दिवा मला सारखे सांगत होता. रागाच्या भरात मी त्याच्याकडे पाहिलेच नाही. तेव्हापासून घरात काही बिघडले, की दुसऱ्या कोणाला विचारण्याआधी मी स्वतःलाच विचारतो, 'शेवटचा हात कोणाचा लागला होता?' पुष्कळदा त्याचे उत्तर 'माझाच' असे येते.