पास आणि पॉइंट्स

तर मंडळी, शनिवारची सकाळ, आईच्या हातचा चहा आणि समोर उघडलेलं एक्सेल. विषय: पॉइंट्स कुठल्या विमान कंपनीचे जमवावेत?

तीन वर्षं झाली, क्लायंटच्या कृपेने महिन्यातून एकदा मुंबई-सिंगापूर बिझनेस क्लासने करतोय. (विरार ते अंधेरी मात्र लोकलच!) आणि इतके दिवस एक गाढवपणा केला. ज्या कंपनीचं तिकीट, तिच्याच खात्यात पॉइंट्स टाकत गेलो. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये थोडे, एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये थोडे.

खरं तर दोन्ही कंपन्या स्टार अलायन्समध्ये आहेत, एअर इंडिया 2014 पासून. म्हणजे एकीने उडून पॉइंट्स दुसरीकडे जमा करता येतात. सगळे एकाच ठिकाणी टाकले असते तर एव्हाना गोल्ड कार्ड हातात असतं. बिझनेसवाल्याला लाउंज तसंही मिळतंच हो, पण गोल्डची खरी मजा सुट्टीत स्वतःच्या पैशाने इकॉनॉमीने जाताना!

दुसरा कॉलम: मुदत. क्रिसफ्लायरचे माइल्स 3 वर्षांनी संपतात, तुम्ही कितीही उडा. कतार एअरवेजच्या एव्हिऑसचं तसं नाही, 36 महिन्यांत खात्यात काही हालचाल झाली की ते जिवंत राहतात.

तिसरा कॉलम मीच वाढवला: कंपनीचं आयुष्य. किंगफिशर 2012 मध्ये थांबली. जेट 2019 मध्ये. तिचा पॉइंट्सचा क्लब नाव बदलून उरला, पण जेटची विमानंच उरली नाहीत. विस्तारा 2024 मध्ये एअर इंडियात गेली, पॉइंट्सही महाराजा क्लबात गेले. नशीब!

या सगळ्या पॉइंट्सवर आई-बाबांना एकदा बिझनेस क्लासने न्यायचं, असं पहिल्या फेरीपासून मनात होतं. पण दरवेळी वाटायचं, अजून थोडे जमू देत. तेवढ्यात बाबांचे गुडघे गेले. आणि माझे पहिले माइल्स पुढच्या महिन्यात संपतायत.

बाबांनी 32 वर्षं विरार-चर्चगेट केलं. एक्सेल बघून म्हणाले, "पास काढून खिशातच ठेवला, तर फायदा रेल्वेचा. तुझा काय?"

एक्सेल बंद केलं. दोन तिकिटं काढली.

आता बाबा विचारतायत, "चौथ्या सीटवर नाही ना रे बसवणार?"