सापाचे हृदय आणि परळची सुई

प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीतही दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त शरीरभर पाठवते. पण आपल्या कप्प्यांतून वाहणाऱ्या या रक्तावर त्याला स्वतःची तहान भागवता येत नाही. आतला अगदी पातळ थर सोडला, तर स्नायूच्या जाड भिंतीत ते झिरपत नाही. त्यासाठी महाधमनीच्या मुळापासून दोन करोनरी धमन्या निघतात, हृदयाला बाहेरून वेढतात आणि त्यांच्या शाखा भिंतीत शिरतात. हृदयाच्या वाट्याला येते एकूण रक्ताच्या सुमारे ५ टक्के. तेही डाव्या जवनिकेच्या स्नायूला मुख्यतः शिथिल होतानाच मिळते, कारण आकुंचन पावताना तो आपल्याच वाहिन्या दाबून धरतो. शिवाय, आलेल्या रक्तातला सुमारे तीन चतुर्थांश प्राणवायू हृदय विश्रांतीतच काढून घेते. श्रम वाढले की अधिक रक्त येणे, एवढाच मार्ग उरतो. धमनी अरुंद झाली की तोही आक्रसतो आणि जिना चढताना छातीत कळ येते.

मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांनी यावर वेगळाच विचार केला. सापासारख्या सरीसृपाच्या हृदयात रक्त कप्प्यातूनच थेट स्नायूच्या सच्छिद्र जाळ्यात शिरते. मग माणसाच्या हृदयालाही तशी वाट का करून देऊ नये? सेन, उडवाडिया, किनरे आणि परुळकर यांनी कुत्र्यांच्या हृदयस्नायूला सुईने आरपार छिद्रे पाडून पाहिली आणि १९६५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध केले. शिरेचा तुकडा जोडून अडथळा ओलांडण्याची बायपास शस्त्रक्रिया तेव्हा रूढ व्हायची होती. क्लीव्हलँडमध्ये रेने फावालोरो यांनी ती १९६७ मध्ये सुरू केली.

सुईची छिद्रे मात्र टिकत नव्हती. जखम भरावी तशी ती बुजत. पुढे सुईची जागा लेसरने घेतली, १९९८ मध्ये अमेरिकेत त्या उपचाराला मान्यताही मिळाली. परंतु लेसरचे मार्गही बहुधा बुजतात असे दिसून आले आणि वेदना कमी होते ती नेमकी कशामुळे, हा वाद मिटला नाही.

आज बहुतेकांना बायपास किंवा अँजिओप्लास्टी तारते. पण काहींच्या धमन्या इतक्या बारीक आणि जागोजागी रोगग्रस्त असतात की शिर जोडायला किंवा स्टेंट बसवायला जागाच नसते. त्यांच्यासाठी परळमधला तो प्रश्न अजून जुना झालेला नाही.