हिरवा डबीतून येत नाही

रविवारी सकाळी बैठकीच्या खोलीत सतरंज्या अंथरते आणि मुलं रंगपेट्या घेऊन येतात. नव्या मुलांना मी आधी फक्त पिवळा आणि निळा देते. दोन्ही मिसळून हिरवा झाला की त्यांचे डोळे विस्फारतात. पिवळा वाढवला तर पोपटी, किंचित लाल टाकला तर शेवाळी. पालक मात्र एलिमेंटरी, इंटरमिजिएटचं विचारतात. कला संचालनालयाच्या या परीक्षांमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, हे खरं. स्थिरचित्र, स्मरणचित्राच्या सरावाने नजरही घडते. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला त्याची घाई कशाला? झाड जांभळं रंगवलं तर रंगवू द्या. घरी आल्यावर फक्त एवढंच म्हणा, "काय काढलंस, मला सांग ना."